साखळीचं मागचं टोक

डोक्याला काहीतरी गुंडाळून घ्या. सन १८३६, माघ सरत आलाय, पण इंदापूरच्या माळावर ऊन आतापासूनच चटके देतं. ओळखीचं काही शोधत बसू नका. ऊस नाही, कालवा नाही, उजनी धरणाचं पाणी तर नाहीच नाही. शाळूच्या चार पट्ट्या सोडल्या तर बाकी रान पडीक आहे. का पडीक, हे गावातला कुणीही सांगेल. सात-आठ वर्षांपूर्वी रॉबर्ट कीथ प्रिंगल नावाच्या साहेबानं ही रानं मोजवली. शेताशेताचं निव्वळ उत्पन्न काढायचं आणि त्यातले शेकडा ५५ सरकारात भरायचे, असा त्याचा हिशेब. कागदावर मोठा देखणा होता. रानात मात्र मोजणारे कारकून हात ओले झाल्याशिवाय खरा आकडा लिहीत नव्हते. त्यात पाऊस दगा देत गेला, धान्याचे भाव पडले आणि बरीच कुणबी घरं बैल सोडून निजामाच्या मुलखात निघून गेली.

आता त्याच रानात दोन नवे गोरे आलेत. मुलकी खात्यातला गोल्डस्मिड आणि इंजिनिअरांच्या पलटणीतला लेफ्टनंट विंगेट, दोघंही पंचविशीच्या आतले. आधीची मोजणी तपासायची, खोट दिसेल तिथं पुन्हा करायची आणि रयतेला झेपेल असा आकार ३० वर्षांसाठी बांधून द्यायचा, असं त्यांनी ठरवलंय. त्यांचा तंबू पलीकडे आमराईत आहे. तिकडं जायचं कारण नाही, तुमचं काम इथं आहे. साखळी ओढणाऱ्या दोघांतला एक आज आलेला नाही आणि कारकुनानं साखळीचं मागचं टोक तुमच्या हातात दिलंय.

साखळी लोखंडाची, ३३ फुटांची. खुणांनी तिचे १६ भाग पाडलेत, एकेक भाग म्हणजे एक आणा. लांबी ३३ फूटच का, तर एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद असा तुकडा झाला की बरोबर एक गुंठा होतो, १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे विलायती एकर. रुपयाचे १६ आणे गावातल्या पोरालाही तोंडपाठ असतात, म्हणून साखळीचेही सोळा. परका एकर इतक्या बिनबोभाट इथल्या तोंडी बसवणाऱ्याला दाद दिली पाहिजे. आजही गुंठ्याचा भाव विचारताना आपण त्या साखळीचाच चौरस विचारत असतो.

"ताठ धरा," कारकून ओरडतो. पुढचा गडी लोखंडी सळई जमिनीत खुपसतो आणि पुढं निघतो. तुम्ही त्या सळईपाशी पोचायचं, टोक तिला लावायचं, पुढची रोवली गेली की हातातली उपटून घ्यायची. गोळा झालेल्या सळया मोजल्या की झालेल्या साखळ्या कळतात. डोकं चालवायची गरज नाही, म्हणून तर हे काम तुम्हाला दिलंय.

डोकं लागतं ते शंकूला. शंकू म्हणजे जमिनीत रोवायची काठी. तिच्या माथ्यावर लाकडी ठोकळा असतो आणि त्याला काटकोनात छेदणाऱ्या दोन खाचा. शेताच्या पोटातून एक लांब रेघ धरलीय, तिच्या दोन्ही टोकांना निशाणं आहेत. एका खाचेतून रेघेवरचं निशाण दिसलं पाहिजे आणि त्याच वेळी दुसरीतून शेताचा कोपरा. तसं होईपर्यंत कारकून रेघेवर पुढंमागं सरकतो, मध्येच एक डोळा मिटून शिव्या घालतो. जुळलं की तिथून कोपऱ्यापर्यंत लंब मोजायचा. असे सगळे कोपरे झाले की वेड्यावाकड्या शेताचे काटकोनी त्रिकोण आणि चौकोन पडतात आणि क्षेत्र निघतं नुसत्या गुणाकारानं. कारकुनाच्या मांडीवरच्या कागदावर शेताची ओबडधोबड आकृती आहे. ती प्रमाणात नाही आणि असायची गरजही नाही, कारण खरं काम तिच्यावर लिहिलेल्या साखळ्या-आण्यांचं. अशा आकृतीला पुढं कचेऱ्यांत टिपण म्हणतील.

आता शेवटची बाजू राहिलीय. बाभळीखालच्या दगडापासून ओघळीकडच्या कोपऱ्यापर्यंत. इथं रान उतरतं होतं. नियम असा की उतारावर खालचं टोक उचलून साखळी आडवी, समपातळीत धरायची. पण दुपार झालीय, घसा सुकलाय, पुढच्या गड्यानं साखळी जमिनीवरच टेकवलीय आणि तुम्हीही काही बोलत नाही. उताराला धरून मोजलं की लांबी खऱ्यापेक्षा जास्त भरते. कारकून ओघळीच्या बाजूला पाठ करून पान जमवतोय. "बारा साखळी सहा आणे," तुम्ही सांगता. तो लिहितो.

हा आकडा लक्षात ठेवा.

कोपरे मोजून झाले, पण मुळात कोपरा इथंच आहे हे कारकुनाला कुणी सांगितलं? साखळीनं नाही आणि शंकूनंही नाही. सकाळपासून सगळ्यांच्या पुढं घोंगडं पांघरलेला एक म्हातारा काठी टेकत चाललाय, तो गावचा येसकर. पाटील आहेत, कुलकर्णी दप्तर घेऊन आहेत, पण हद्द कुठली असं विचारलं की दोघंही त्याच्याकडं बघतात. गावची शीव आणि रानाचे बांध माहीत असणं हे महारांचं वतनी काम, बापाकडून पोराकडं आलेलं. कारकून त्याच्याशी चार हात लांबून बोलतो आणि त्यानं काठी टेकवली तिथं निशाण लावायला सांगतो.

"म्हातारबा, खात्री हाय न्हवं?" पाटील विचारतात.

"पाटील, माझ्या आज्यानं ह्या शिवंवर कातडं घेतलंय."

हे कळायला आणखी शंभर वर्षं मागं यावं लागेल. या.

गाव तेच, माळ तोच, राज्य पेशव्यांचं. जमीन काठीनं मोजायची रीत आहे. शिवकाळात पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद तो एक बिघा, १२० बिघ्यांचा एक चावर, असं मोजमाप ठरलं होतं. पण आज भांडण दोन गावांच्या शिवेचं आहे आणि तिथं काठी उपयोगाची नाही. काठी किती ते सांगते, कुठून ते सांगत नाही. दोन्ही गावचे पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, आसपासच्या गावांची जाणती माणसं, अशी गोतसभा बसलीय. कागद काढले, साक्षी झाल्या, कुणी जुन्या वडाचं नाव घेतलं, कुणी वाहून गेलेल्या ओढ्याचं. मिटेना. तेव्हा दिव्य ठरलं. दोन्ही गावांनी मान्य केलेल्या माणसानं अंघोळ करून, देवाचं नाव घेऊन, गाईचं ओलं कातडं अंगावर घ्यायचं आणि शीव म्हणून जी वाट त्याला ठाऊक आहे ती चालून दाखवायची. मागोमाग लोक खुणा घालत येतात. ठरलेल्या मुदतीत त्याच्यावर किंवा त्याच्या घरावर संकट आलं नाही, तर तो चालला ती शीव खरी.

तुम्ही त्या गर्दीत आहात. पुढं चालणाऱ्या माणसाच्या पाठीवरून ओघळ गळतोय, माशा घोंगावतायत, आणि तो प्रत्येक पाऊल टाकताना खाली बघतोय. याला अंधश्रद्धा म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण इथं पणाला काय लावलंय ते बघा. ज्याला सगळ्यात जास्त माहीत आहे त्याचंच घर जामीन ठेवलंय. खोटं चाललास तर तुझं पोर जाईल, असं सगळं गाव त्याला सांगतंय आणि त्याचाही त्यावर विश्वास आहे. आजच्या प्रतिज्ञापत्राला एवढी धार नाही. आणि हेही बघा, की गावाच्या जमिनीचा सर्वांत खात्रीचा साक्षीदार ज्याला मानलं, त्याला गावकुसाच्या आत घर मात्र नव्हतं.

परत १८३६ मध्ये या. येसकराच्या आज्याला जे चालून दाखवावं लागलं ते नातवानं काठी टेकवून दाखवलं आणि कारकुनानं आण्यांत लिहून घेतलं. टिपणावर येसकराचं नाव नाही. इथून पुढं हद्द विचारायला कचेरीत जायचं. पुढं १९५८ च्या कायद्यानं महारांचं वतनही गेलं, पण शिवेच्या ज्ञानाचं वतन त्याआधीच, या माळावर कागदावर उतरून गेलं होतं.

कारकून एक गोष्ट मात्र लिहीत नाही, आणि ती तुम्ही बघून ठेवा. या शेतात तीन भावांचे तीन वाटे आहेत, मध्ये दोन बारके बांध. ते मोजले जात नाहीत. साहेबांचं माप वेगळं आहे: एका बैलजोडीला कसायला झेपेल एवढ्या रानाचा एक नंबर. हलक्या रानात मोठा, भारी काळ्या रानात लहान. तीन भावांचं रान मिळून एक नंबर झाला, बाहेरची कड मोजली, कोपऱ्यांवर दगड रोवले, मातीचे उंचवटे घातले. आतलं भावाभावांनी बघून घ्यावं. दुसरे लोक येऊन माती खणतील, तिची खोली आणि जात बघून नऊ प्रतींत बसवतील, सोळा आण्यांच्या जमिनीपासून दोन आण्यांच्या जमिनीपर्यंत. गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन या पद्धतीचा पुरा कायदाच १८४७ च्या आपल्या संयुक्त अहवालात लिहून काढतील आणि मुंबई इलाखा त्यावर चालेल. एक लक्षात ठेवा, हे सगळं साऱ्यासाठी चाललंय. मालकी ठरवायला कुणी आलेलं नाही. आज जमिनीच्या दाव्यात दोन्ही वकील ज्या कागदावर हात आपटतात, तो मुळात सरकारच्या वसुलीचा कागद आहे.

पुढची वर्षं भराभर जाऊ द्या. ३० वर्षांची मुदत १८६६ ला सरते, पुन्हा साखळ्या निघतात. १८७५ मध्ये याच भागात सावकारांच्या वह्या जळतात. हद्द पक्की झाल्यामुळं जमीन गहाण टाकणं सोपं झालं होतं, हा त्यातला एक धागा. १९०३ मध्ये हक्कनोंदीचा कायदा येतो, १९१३ मध्ये तो जमीन महसुलाच्या कायद्यात मिसळतो आणि मग सरकारला जाग येते की नंबराच्या पोटात कोण कुठं आहे हे कागदाला ठाऊकच नाही. पोटहिस्स्यांची मोजणी सुरू होते. त्या तीन भावांची नातवंडं, पणतवंडं तोवर अकरा झालीत. एका नंबराचे एक, दोन, तीन, मग एक अ, एक ब. हिस्सा फॉर्म नंबर ४ वर पणजोबांच्या बारक्या बांधाची लांबी पहिल्यांदा उमटते, म्हणजे तेव्हा जिथं होता तिथली. १८३६ मध्ये तो कुठं होता ते कुणी लिहिलेलंच नाही.

१९४७ मध्ये तुकडेबंदीचा आणि एकत्रीकरणाचा कायदा होतो, पुढच्या काही दशकांत गावोगाव गट पडतात. सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आला. पुष्कळ ठिकाणी रानात पाय न ठेवता क्षेत्राला क्षेत्र जुळवून गट बांधले गेले. माझं स्पष्ट मत असं, की आजच्या निम्म्या वादांचं मूळ नांगरात नसून त्या जुळवाजुळवीत आहे. एकर-गुंठ्याचे हेक्टर-आर झाले. १९८० च्या सुमारास उजनी भरली आणि कित्येक गावांचे दगड, बांध, विहिरी पाण्याखाली गेल्या. पळसदेवचं जुनं देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वर येतं, हद्दीचे दगड येत नाहीत.

आणि आता तुम्ही आजच्या सकाळी, त्याच बाभळीच्या जागी उभे आहात. बाभूळ नाही. चारी बाजूंना ऊस, फक्त हा तुकडा नुकताच तुटून गेलेला, म्हणून तर मोजणीची तारीख लागली. उभ्या पिकात दोन खुणा एकमेकींना दिसत नाहीत. अर्ज तात्यांचा आहे, त्यांच्या म्हणण्यानुसार पलीकडच्या अण्णांनी बांध कोरलाय. दर नांगरटीला चार बोटं, म्हणून वीस वर्षांत किती ते तात्या हातवारे करून सांगतायत. भूमी अभिलेखचा भूकरमापक तरुण आहे. त्याच्या हातात उंच काठीवर बसवलेला रोव्हर. राज्यभरात भारतीय सर्वेक्षण विभागाची ७७ कायम स्थानकं आहेत. उपग्रहांच्या संदेशातली चूक ती सतत दुरुस्त करून पाठवतात आणि काठी टेकवली की दोन-तीन सेंटिमीटरच्या आत ती जागा पडद्यावर येते. पूर्वी याच कामाला फळा, तिपाई आणि दिवसभराची उन्हं लागत.

"झालं ना मग? दाखवा आमची हद्द," तात्या म्हणतात.

"तात्या, मी कुठं उभा आहे ते हे यंत्र सांगतं. तुमची हद्द कुठं आहे ते नाही सांगत," तो म्हणतो आणि पिशवीतून टिपणाची नक्कल काढतो. बाजूवर लिहिलंय: १२ साखळी ६ आणे.

त्याचं खरं काम इथून सुरू होतं. यंत्र बाजूला ठेवून तो कुदळ मागतो. बाभळीच्या कोपऱ्यात फूटभर खणल्यावर दगड लागतो, उभा रोवलेला, कडा घासलेल्या. ओघळीकडच्या कोपऱ्यात मात्र काही नाही. अण्णांचा पुतण्या बांधाच्या टोकाला पडलेला एक लांबट दगड दाखवतो. जेसीबी चालला तेव्हा निघाला होता म्हणे. भूकरमापक त्याकडं ढुंकून बघत नाही. जागेवरून हललेला दगड हा फक्त दगड.

मग तो आसपास हिंडतो. हाच कोपरा शेजारच्या दोन नंबरांच्या टिपणांतही मोजलेला असणार, कारण कोपरा तीन रानांचा असतो. त्यांचे शाबूत दगड कुठं आहेत? जुन्या नकाशातली विहीर अजून आहे, तिचं बांधकाम जुन्या दगडी घडणीचं आहे. पलीकडे गावची शीव आहे, गाडीवाटेची कड आहे. या सगळ्यांवर काठी टेकवत तो बिंदू घेतो, मग जुनी आकृती पडद्यावर त्या बिंदूंवर बसवून बघतो. एकीकडून जुळतं, दुसरीकडून फुटभर सरकतं, तो पुन्हा फिरवतो. हद्द ठरवण्याचं कसब म्हणतात ते एवढंच आहे: ज्यानं पहिल्यांदा मोजलं त्यानं कुठं पाय रोवला होता ते शोधून काढायचं. त्याचं चुकलं असलं तरी. दगड सापडला तर आकड्यापेक्षा दगड मोठा.

१२ साखळी ६ आणे म्हणजे १२४.४७ मीटर. सापडलेल्या दगडापासून अण्णांच्या आजच्या बांधापर्यंत भरतात १२३.१. सुमारे साडेचार फूट कमी. बांधाची लांबी १८ साखळ्या, म्हणजे वाद जवळपास अडीच गुंठ्यांचा.

"बघा!" तात्या उसळतात. "सांगत होतो का नाही?"

साडेचार फूट. त्यातले नांगराचे किती? साखळी वापरून वापरून कड्यांशी लांबते, पण लांबलेल्या साखळीनं कागदावर कमी भरलं असतं आणि आज रान जास्त निघालं असतं. इथं तर उलटं आहे. एक आणा म्हणजे दोन फूट पाऊण इंच. त्याखालचं सगळं नजरेनं, तेव्हा फूटभर इकडंतिकडं सोडून द्यायलाच हवं. आणि बाकीचे? उपग्रहाचं अंतर सपाट धरलेलं असतं, १८३६ मधली साखळी उतारावर टेकली होती. ती टेकू देणारे तुम्हीच. पण इथं तुमची साक्ष कोण घेणार आणि अण्णांना सोडवायला तुम्ही कुठल्या तोंडानं पुढं होणार? बांध त्यांनी कोरलाच नाही असंही नाही, त्याची ताजी कड तुम्हाला दिसतेय.

भूकरमापकाला मात्र शंका आलीय. तो ओघळीच्या उताराकडं बघतो, शेजारच्या टिपणांतून आलेले दोन बिंदू पुन्हा तपासतो. ते दोन्ही बांधापासून साडेचार नाही, पावणेदोन फुटांवर एकत्र येतात. तिथं तो चुन्याची खूण करायला सांगतो. १२ साखळी ६ आणे हा आकडा तिथं भरत नाही, तरीही.

"असं कसं? कागदात बारा साखळी सहा आणे आहेत ना?" तात्या.

"आहेत. पण तीन रानांचा कोपरा एकाच जागी असतो, तात्या. तुमच्यासाठी एक आणि त्यांच्यासाठी दुसरा असं नाही होत."

नकाशावर तो दोन रेघा काढणार आहे, एक अभिलेखाप्रमाणे येणारी हद्द, दुसरी आजच्या वहिवाटीची. त्या नकाशाची 'क' प्रत अर्जदार म्हणून तात्यांना मिळेल. ताबा काढून देणं त्याच्या हातात नाही, त्यासाठी महसुलाची कचेरी किंवा दिवाणी कोर्ट. मोजणी मान्य नसेल तर वरिष्ठांकडं निमताना मोजणीचा अर्ज, तीही नको वाटली तर सुपर निमताना. हे सगळं तो एका दमात सांगतो, रोज सांगत असावा.

जबाबाचा कागद मोटारसायकलच्या सीटवर पसरलाय. पंच सह्या करतात. साडेचार फुटांची तयारी करून आलेले तात्या पावणेदोन फुटांवर सही करायला तयार नाहीत, आणि एक इंचही न सोडायची तयारी करून आलेले अण्णाही नाहीत. सकाळपासून एकमेकांशी न बोललेले ते दोघं आता एकाच पेनानं, एकाखाली एक, एकच वाक्य लिहितात: मोजणी मान्य नाही.